विलंबाचे नीतिशास्त्र

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्या भाषेत इतकी रुळून गेली आहे की, ती उच्चारताना आपण कोणावर आरोप करीत आहोत याचे भानही आपणांस राहत नाही. चोरीवर म्हणी आहेत, लबाडीवर आहेत, कृपणपणावर आहेत. परंतु त्यांतून चोराविषयी अथवा कृपणाविषयी थोडाफार राग डोकावतो. या म्हणीत रागाचा लवलेश नाही, केवळ सुस्कारा आहे. पाऊस लांबला म्हणजे शेतकरी जसा आकाशाकडे पाहून उगी राहतो, तसेच आपण कचेरीच्या दाराकडे पाहून उगी राहतो. पण पाऊस ही निसर्गाची करणी आहे आणि कचेरी ही माणसांची. माणसांनी उभारलेल्या, माणसांनीच चालविलेल्या गोष्टीविषयी लोक निसर्गाविषयी बोलावे तसे बोलू लागले, म्हणजे त्या ठिकाणी नीतिविचाराने लक्ष घालण्याची वेळ आली असे समजावयास हरकत नाही.

विलंबाचे प्रकार अनंत आहेत. त्यांपैकी एकाच प्रकाराचा विचार येथे करावयाचा आहे. एखादी मोठी संस्था, मग ती सरकारी असो, निमसरकारी असो वा खासगी असो, ठराविक मुदतीच्या कामासाठी बाहेरचा माणूस कराराने घेण्याचे ठरविते. त्याची पारख करते, त्याची निवड करते, निवड झाल्याचे त्यास कळविते. आणि त्यानंतर त्याला प्रत्यक्ष कामास हात लावू देण्यास आठवड्यांमागून आठवडे घालविते. या काळात तो ना आतला असतो, ना बाहेरचा. बाहेरचा म्हणावा तर त्याने शब्द दिलेला असतो आणि त्या शब्दापायी दुसरे काम नाकारलेले असते. आतला म्हणावा तर त्याच्या नावाने अजून एक रुपयाही निघत नाही. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या माणसाची कोणी फसवणूक केलेली नसते, कोणी त्याचा अपमान केलेला नसतो. मग त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येईल काय? आणि आला असेल, तर तो अन्याय कोणी केला?

प्रथम ही वाट कशी असते ते पाहू. ज्या विभागास माणूस हवा असतो तो विभाग कामाची निकड लिहून मंजुरी मागतो. खर्चाची तरतूद आहे की नाही हे लेखा विभाग पाहतो. नंतर दरपत्रके अथवा निविदा मागविल्या जातात, त्यांची तुलना होते, माणूस ठरतो. सामान्य मनुष्यास वाटते की येथे काम संपले. वस्तुतः खरी वाट येथून सुरू होते. पुरवठादार म्हणून त्याची नोंद व्हावयाची असते. तीसाठी कर खात्याचा क्रमांक, रद्द केलेला धनादेश, पत्त्याचा पुरावा द्यावयाचा असतो. करारनाम्याचा मसुदा विधी विभागाकडे जातो आणि एका शब्दाच्या दुरुस्तीसह परत येतो. पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. विम्याचा कागद लागतो, गुप्ततेचे हमीपत्र लागते, फाटकावर दाखवावयाचा पास लागतो. हे सर्व जुळून तो आत जातो, तेव्हा त्याला बसण्यास खुर्ची मिळते पण संगणक मिळत नाही. संगणक मिळतो पण परवलीचा शब्द मिळत नाही. आणि परवलीचा शब्द देणारा अधिकारी सोमवारपर्यंत रजेवर असतो. ज्या कामाच्या निकडीपायी हा सारा खटाटोप आरंभिला, ते काम एव्हाना एक तर कोणी कसेबसे उरकलेले असते, नाही तर त्याची निकडच सर्वांच्या विस्मृतीत गेलेली असते.

या वाट पाहण्याची किंमत काय, हे साध्या त्रैराशिकाने काढता येईल. समजा, एका कुशल तंत्रज्ञाशी सव्वीस आठवड्यांचा करार झाला आणि दर रोज हजार रुपये ठरला. निवडीनंतर आठ आठवडे त्यास थांबावे लागले. त्याने त्या कामासाठी आपल्या आयुष्यातले चौतीस आठवडे बांधून घेतले आणि वेतन मात्र सव्वीसांचे मिळाले. म्हणजे हजाराचा रोज प्रत्यक्षात सुमारे ७६५ रुपयांवर आला. कराराच्या बोलणीत कोणी त्यास ‘तुझा रोज पावणेआठशेच्याही खाली घे’ असे म्हटले असते, तर तो उठून गेला असता. येथे तसे कोणीही म्हटले नाही. तरी त्याच्या मिळकतीचा जवळजवळ चौथा हिस्सा नाहीसा झाला. तो संस्थेच्या तिजोरीत गेला असेही नाही. संस्थेचे काम आठ आठवडे अडले, तिचेही नुकसानच झाले. दोन्ही पक्ष गरीब झाले आणि तिसरा कोणी श्रीमंत झाला नाही. लाचलुचपतीत निदान कोणाच्या तरी घरी पैसा जातो. विलंबात तो वाऱ्यावर जातो.

आणि हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. महिन्याच्या एक तारखेस घरभाडे द्यावयाचे असते, मुलाच्या शाळेची फी भरावयाची असते, कर्जाचा हप्ता चुकवून चालत नाही. हे सर्व दिनांक निश्चित असतात. अनिश्चित असतो तो फक्त कामावर रुजू होण्याचा दिवस. घरात विचारणा होते, ‘काही कळले का?’ आणि उत्तर असते, ‘या आठवड्यात होईल म्हणतात.’ हे ‘म्हणतात’ कोणाचे, हे त्या उत्तर देणारासही ठाऊक नसते. बेकार माणसास निदान आपण बेकार आहोत हे ठाऊक असते आणि तो दुसरीकडे हात-पाय हलवू शकतो. काम मिळालेला पण कामावर न घेतलेला माणूस तेही करू शकत नाही. त्याच्या हातातील काळ त्याचा स्वतःचा राहिलेला नसतो आणि तो कोणी विकतही घेतलेला नसतो.

आता संस्थेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कारण ती बाजू दुबळी नाही. जे कागद आज आपणांस निरर्थक वाटतात, त्यांतील प्रत्येक कागद हा कोणत्या तरी जुन्या फसवणुकीची आठवण असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारी खरेदी आणि कंत्राटे बेसुमार वाढली व तीत इतका भ्रष्टाचार माजला की, १९४१ साली युद्ध व पुरवठा खात्यातील लाचलुचपतीच्या तपासासाठी स्वतंत्र पोलीस यंत्रणा उभारावी लागली. पुढे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्वेषण विभागाचे मूळ तेच होय. संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग आला. निविदा, तुलनात्मक तक्ते, दोन-दोन सह्या या सर्वांची वाढ या अनुभवातून झाली आहे. काही कागद तर स्वतः त्या कामगाराच्याच रक्षणासाठी आहेत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मक्तेदारास परवाना घेण्याचे बंधन घातले आणि मक्तेदाराने वेतन बुडविल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली; २०२० साली संसदेने केलेल्या संहितेत तो कायदा सामावला गेला. जे बंधन अन्यायापासून वाचविण्यासाठी आले, त्यास ‘दप्तरी खोडा’ म्हणून झटकून टाकणे हे कृतघ्नपणाचे होईल.

त्याहूनही महत्त्वाचा एक मुद्दा आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने आधुनिक नोकरशाहीचे जे विवेचन केले, त्यातले मर्म असे की, नियमाने चालणारी कचेरी माणसामाणसांत भेद करीत नाही. समोरचा आपला की परका, आवडता की नावडता, हे ती पाहत नाही. नियमाला हृदय नसते ही त्याची उणीव खरी, पण त्याला मेव्हणाही नसतो हे त्याचे भूषण आहे. नियम बाजूस सारून जे काम झटपट होते ते बहुधा ओळखीने होते. आणि ज्याला ओळख नाही त्याच्या दृष्टीने ती झटपट म्हणजे आणखी एक अन्यायच असतो. म्हणून विलंबाविरुद्ध केवळ ‘घाई करा’ असा पुकारा करणे पुरेसे नाही. घाईची किंमतही अखेर दुबळ्यासच द्यावी लागते.

विलंबाची ही थोरवी आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. महाभारताच्या शांतिपर्वात चिरकारीचे आख्यान आहे. गौतम ऋषीने आपल्या पत्नीचा अपराध झाला म्हणून क्रोधाच्या भरात तिचा वध करण्याची आज्ञा पुत्रास दिली आणि आपण अरण्यात निघून गेला. पुत्राचे नावच चिरकारी. प्रत्येक गोष्टीचा दीर्घकाळ विचार करावयाचा हा त्याचा स्वभाव. पित्याची आज्ञा मोठी की मातेचे प्राण मोठे, याचा विचार तो शस्त्र हाती घेऊन करीत बसला. इकडे गौतमास पश्चात्ताप झाला आणि ‘आज तरी माझा मुलगा नावाप्रमाणे वागला असावा’ अशी आशा करीत तो धावत आला. माता जिवंत होती. पुत्राच्या विलंबाने तिघांचेही कल्याण झाले आणि पित्याने त्या विलंबाची स्तुती केली.

या कथेचा आधार घेऊन एखादा कचेरीतला चिरकारी म्हणेल की, आम्हीही विचारच करीत आहोत. पण कथा नीट वाचली तर तिच्यातच त्याचे उत्तर आहे. ज्या कृत्याने दुसऱ्याचे अहित होते आणि जे एकदा केल्यावर परत घेता येत नाही, अशा कृत्याच्या बाबतीत विलंबाची महती गायिली आहे: क्रोध, द्रोह, शिक्षा, पापकर्म. दुसऱ्याचे देणे देण्याच्या बाबतीत ती गायिलेली नाही. शिवाय चिरकारी सारा वेळ खरोखर विचार करीत होता. त्याचे शस्त्र हातात होते आणि मन जागे होते. आपल्या कचेऱ्यांतील फाईल विचाराखाली असते की नुसती पडून असते? समजा, एका प्रकरणास दहा टेबलांवरून जावयाचे आहे. प्रत्येक टेबलावर ते वाचून, तपासून, शेरा मारण्यास अर्धा तास पुरतो. पण आपली पाळी येईपर्यंत ते तेथे आठवडाभर पडून राहते. दहा आठवड्यांच्या प्रवासात त्यावर माणसाचे लक्ष पाच तास होते. उरलेला सारा काळ ते कागद नुसते कागद होते. पहिल्यास सावधपणा म्हणावे, दुसऱ्यास नाही. विचाराचा विलंब आणि पडून राहण्याचा विलंब, या दोहोंना आपण एकच नाव दिले आहे आणि पहिल्याची अब्रू दुसऱ्यास उसनी मिळाली आहे.

महाराष्ट्राने हा भेद कायद्याने ओळखण्याचा प्रयत्न केला आहे. २००५ साली झालेला, लोकांच्या बोलण्यात ‘दफ्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणून प्रसिद्ध असलेला अधिनियम सांगतो की, कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाईल सामान्यतः कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये. हेतू उत्तम आहे. पण केवळ टेबलाची मुदत ठरवून भागत नाही, हेही गणिताने दिसते. दहा टेबलांनी प्रत्येकी सात दिवस घेतले, तर एकाही माणसाने कायदा न मोडता सत्तर कामाचे दिवस, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याने चौदा आठवडे उलटतात. म्हणूनच त्या अधिनियमात अखेरच्या निर्णयासाठीही मुदती घातल्या आहेत: दुसऱ्या विभागाकडे न जाणाऱ्या प्रकरणास पंचेचाळीस दिवस व जाणाऱ्यास तीन महिने. यातून घ्यावयाचा धडा असा की, टेबलाचा विलंब आणि वाटेचा विलंब या भिन्न वस्तू आहेत. प्रत्येक पाऊल निर्दोष असूनही वाट सदोष असू शकते.

येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. वाट सदोष आणि पावले निर्दोष, तर दोषी कोण? ज्या लेखनिकाने पाचव्या दिवशी फाईल पुढे पाठविली त्यास दोष देता येत नाही. त्याच्यापुढच्यासही नाही. दहाही जणांस एका रांगेत उभे करून विचारले तर दहाही जण आपली नोंदवही उघडून दाखवितील आणि ती वही खरी असेल. तथापि बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे चौदा आठवडे गेले हेही खरेच आहे. अपराध घडला आणि अपराधी सापडत नाही, असा हा प्रसंग आहे. आपली नीतिकल्पना एकट्या माणसाच्या कृत्याभोवती वाढलेली असल्यामुळे अशा प्रसंगी ती गोंधळते आणि अखेर ‘व्यवस्थाच तशी आहे’ असे म्हणून मोकळी होते.

माझ्या मते हा गोंधळ सुटण्यास एक गोष्ट पाहणे पुरेसे आहे: घाईची शिक्षा कोणास होते आणि विलंबाची कोणास होते. अधिकाऱ्याने त्वरेने सही केली आणि पुढे काही गैर निघाले, तर चौकशी त्याची होते, त्याच्या नावाने लेखापरीक्षेचा आक्षेप निघतो, त्याची बढती अडते. त्याने सही करण्यास महिना लावला तर त्याचे काहीही होत नाही. होते ते अशा माणसाचे, की ज्याचा चेहरा त्याने पाहिलेला नाही आणि ज्याचे नुकसान संस्थेच्या कोणत्याही खातेवहीत मांडले जात नाही. अशा स्थितीत सामान्य बुद्धीचा, कुटुंबवत्सल माणूस काय करील? तो आणखी एक कागद मागेल. आपण यास आळस म्हणतो ते चूक आहे. हे भय आहे. आळशी माणसास दटावता येते. भयभीत माणसास दटावले तर तो अधिकच सावध होतो आणि आणखी एक सही वाढवितो. म्हणून अपराधाचा मुख्य भार टेबलावरच्या माणसावर नसून, ज्यांनी ही शिक्षेची वाटणी अशी ठरविली आणि ज्यांच्या हाती ती बदलण्याची सत्ता आहे, त्यांच्यावर आहे. टेबलावरचा माणूस सर्वस्वी मुक्त होतो असे नाही. दोन ओळींचे पत्र पाठवून ‘अमुक कारणाने थांबले आहे’ एवढे कळविण्यास त्यास कोणाचे भय नसते. तेवढेही तो करीत नसेल तर तो दोष त्याचा एकट्याचा.

उंबरठ्यावर थांबविलेल्या कामकऱ्याचा प्रश्न नवा नाही. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत वेतन न देणे हे एक स्वतंत्र पद आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर नेमका आपलाच वाद आला आहे. कामकरी कामास हजर आहे, पण मालक त्याच्याकडून काम करून घेत नाही. अशा वेळी काय समजावे? कौटिल्य पूर्वाचार्यांचे मत देतो की, ते काम झालेच असे धरावे. मग स्वतःचे मत देतो की, तसे नव्हे. वेतन हे केलेल्या कामाचे असते, न केलेल्याचे नसते. मात्र लगेच पुढे तो म्हणतो की, मालकाने थोडे जरी काम करून घेतले आणि नंतर करू दिले नाही, तर ते सर्व केल्यासारखेच समजावे. या दोन मतांत आपला सारा वाद सामावला आहे. आचार्यांची दृष्टी कामकऱ्याने काय दिले याकडे आहे: त्याने आपला दिवस दिला. कौटिल्याची दृष्टी राज्याच्या कोशाकडे आहे: कोशास काय मिळाले? दोघेही अगदी चुकीचे नाहीत.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचा कौल कोठे पडतो पाहा. त्याच्या सदुसष्टाव्या कलमाप्रमाणे, ज्याच्यासाठी काम करावयाचे त्यानेच कामाची वाजवी सोय करून दिली नाही, तर काम न झाल्याचा दोष कामकऱ्यावर येत नाही. उदाहरण घरदुरुस्तीचे दिले आहे: घरमालकाने दुरुस्ती कोठे करावयाची तेच दाखविले नाही, तर दुरुस्ती करणारा सुटला. त्रेपन्नावे कलम याहून पुढे जाते. काम करण्यास सिद्ध असलेल्या माणसास समोरच्या पक्षाने काम करू दिले नाही, तर तो करार मोडू शकतो आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मागू शकतो. म्हणजे आचार्यांच्या मताचा गाभा आजच्या कायद्यातही जिवंत आहे. पण हक्क बजावावयाचा तर न्यायालयात जावयाचे, आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हेही आपल्याच भाषेतले शहाणपण आहे. दोन महिन्यांच्या विलंबावर कित्येक वर्षांच्या विलंबाचे औषध कोण घेईल? शिवाय ज्या संस्थेत उद्या काम करावयाचे, तिच्यावर आज दावा लावणारा माणूस विरळा.

लहान उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्याने देयकाच्या विलंबाची किंमत ठरविली आहे. माल अथवा सेवा स्वीकारल्यापासून फार तर पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले पाहिजेत, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने आणि दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावयाचे. म्हणजे थांबविणे हे फुकट नाही, ही गोष्ट विधिमंडळास मान्य आहे. परंतु ही मुदत सुरू होते ती सेवा स्वीकारल्यानंतर. ज्याला अजून फाटकाच्या आतच घेतलेले नाही, त्याचे घड्याळ कोणी चालूच केलेले नाही. काम झाल्यानंतरच्या थांबण्यास भाव आला. काम सुरू होण्यापूर्वीचे थांबणे अजून फुकट आहे. आणि जी वस्तू फुकट मिळते तिची उधळपट्टी होते.

ही उधळपट्टी दरिद्री अथवा मागासलेल्या देशांतच होते, असे कोणी समजू नये. अमेरिकेत सरकारी गुप्त कामासाठी नेमावयाच्या माणसांची, त्यांत कंत्राटी माणसेही आली, सुरक्षेच्या दृष्टीने जी पडताळणी होते तीत २०१८ साली सात लाखांहून अधिक प्रकरणे तुंबली होती. त्याचा एक परिणाम विचार करण्यासारखा आहे. पडताळणीस इतका काळ लागू लागला की, जिची पडताळणी पूर्वीच झालेली आहे अशा माणसाला, तो कामात कसाही असो, अधिक मागणी येते. आणि नवा, कदाचित अधिक गुणी माणूस दाराबाहेर राहतो. आपल्याकडेही वेगळे काय होते? तीन महिने वेतनावाचून तग धरणे मोठ्या मक्तेदारास जमते. त्याच्या दहा कामांपैकी नऊ चालू असतात. एकट्याने काम करणारा, नुकताच धंद्यात उतरलेला, कर्ज काढून घर चालविणारा माणूस दुसऱ्या महिन्यातच गळतो. गळतीची ही चाळणी गुणांची नसते. ती खिशाची असते. जे नियम पक्षपात टाळण्यासाठी केले, त्यांच्या विलंबातून पैसेवाल्याचा पक्षपात आपोआप उत्पन्न होतो, आणि तो कोणीही केलेला नसल्यामुळे त्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. नियमांच्या कैवाऱ्यांनी इतर सर्व युक्तिवाद बाजूस ठेवले तरी चालतील, पण याचा विचार त्यांनी अवश्य केला पाहिजे. विलंब नियमांचे रक्षण करीत नाही. तो नियमांचा हेतूच पोखरतो.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोज याने १९३७ साली असा प्रश्न विचारला होता की, बाजारात सर्व काही विकत मिळत असताना मोठमोठ्या संस्था मुळी निर्माणच का होतात? त्याचे उत्तर असे की, दरवेळी नवा करार करण्यासही खर्च येतो आणि तो वाचविण्यासाठी माणसे एका छपराखाली येतात. आज संस्था नेमके उलट करीत आहेत. कायमच्या नोकराचा भार नको म्हणून त्या कराराची माणसे घेतात, म्हणजे करार करण्याचा तो खर्च पुन्हा अंगावर घेतात. पण तो स्वतः न सोसता, थांबण्याच्या रूपाने समोरच्याच्या अंगावर टाकतात. सवलत ज्याने घ्यावी त्यानेच तिचे मोल द्यावे, एवढे तरी न्यायाचे अल्पतम तत्त्व आहे.

मग कर्तव्य काय? माझ्या दृष्टीने ते चार साध्या गोष्टींत सांगता येईल. पहिली, खरे सांगणे: रुजू होण्याचा दिवस ठाऊक असेल तर तो सांगावा, ठाऊक नसेल तर तसे सांगावे, आणि ‘नाही’ म्हणावयाचे असेल तर ते तात्काळ म्हणावे. लवकर मिळालेला नकार हा उपकार असतो, कारण त्याने माणसाचा काळ त्याला परत मिळतो. दुसरी, जे कागद लागणार हे आधीपासून ठाऊक आहे, ते सर्व एकदाच आणि निवडीच्या आधीच मागावेत. तिसरी, वाटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक माणूस उत्तरदायी असावा आणि त्याचे नाव बाहेर उभ्या असलेल्यास ठाऊक असावे. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, निवडीनंतर ठराविक वाजवी मुदत उलटल्यावर थांबण्याचेही काही वेतन द्यावे.

या चौथ्यावर आक्षेप निघेल हे उघड आहे. न केलेल्या कामाचे पैसे, तेही जनतेच्या पैशातून, द्यावयाचे काय? हा कौटिल्याचाच आक्षेप होय आणि त्याचा मान राखला पाहिजे. म्हणूनच मी पूर्ण वेतन म्हणत नाही आणि पहिल्या दिवसापासूनही म्हणत नाही. पण कौटिल्यानेच मान्य केलेला अपवाद आठवावा: थोडेही काम करून घेतले की सर्व केल्यासारखे. माणसास मुलाखतीस बोलाविले, त्याच्याकडून योजना समजावून घेतली, त्याला दुसरे काम सोडावयास लावले, दहा कागद आणविले. हे ‘थोडे काम’ नव्हे काय? आणि खरा लाभ त्या रकमेत नाहीच. विलंबाचा खर्च संस्थेच्या वहीत एकदा लिहिला जाऊ लागला की, वर्षाअखेर कोणी तरी त्या आकड्यावर बोट ठेवील आणि विचारील, हे कशाचे? आज तो प्रश्न विचारला जात नाही, कारण आकडाच नाही. भयामुळे सही लांबविणाऱ्या अधिकाऱ्यासही मग लांबविण्याचे भय वाटेल आणि दोन्ही भयांच्या मध्ये विवेकास थोडी जागा मिळेल.

धर्मराज आणि भीम यांची एक कथा लोकांत सांगितली जाते. कोणी याचक आला असता कामात गुंतलेल्या धर्मराजाने त्यास ‘उद्या ये’ असे सांगितले. ते ऐकताच भीमाने विजयाची दुंदुभी वाजविण्यास आरंभ केला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, माझ्या भावाने काळास जिंकले. तो उद्यापर्यंत जगणार आणि याचकही जगणार, हे त्याला निश्चित ठाऊक आहे. धर्मराज लज्जित झाला आणि त्याने याचकास परत बोलाविले. ही कथा दानाची म्हणून आपण मुलांस सांगतो. परंतु कराराने काम करणारा माणूस याचक नाही. तो आपला दिवस घेऊन दाराशी आलेला असतो. संस्थेचे आयुष्य मोठे असते. तिच्या एका वर्षात कित्येक अधिकारी येतात आणि जातात, तिला आठ आठवडे म्हणजे काहीच नव्हेत. बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे आठवडे मोजके आहेत आणि त्यांपैकी एकही त्याला दुसऱ्यांदा मिळावयाचा नाही. कार्यार्थी लोकांस दाराशी तिष्ठत ठेवू नये, अशी सूचना कौटिल्याने राजास दिली आहे. ज्याने न केलेल्या कामाचे वेतन नाकारले, त्यानेच ती दिली आहे. कोशाची काळजी वाहणाऱ्या त्या कठोर माणसासही दाराबाहेरचा माणूस दिसत होता. आपल्या संस्थांस तो दिसू लागावा, इतकीच अपेक्षा आहे.